'समस्त ग्रामस्थ' म्हणजे कोण?

निवेदन हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित वाङ्मयप्रकार आहे. कवितेची समीक्षा होते, आत्मकथनांवर चर्चासत्रे झडतात, पण तहसीलदारापुढे किंवा जिल्हाधिकाऱ्यापुढे गाव जो कागद ठेवते त्याच्याकडे लेखन म्हणून कुणी पाहत नाही. वास्तविक आपल्या समाजाचा लेखी व्यवहार अर्जातून आकाराला आला. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली सैन्यभरतीच्या प्रश्नावर तयार केलेला अर्ज आणि शिवराम जानबा कांबळ्यांचा 1910 सालचा अर्ज हे आपले आद्य गद्य आहे. त्या अर्जांत 'आम्ही' म्हणजे कोण याविषयी कुठलाही घोळ नव्हता. आज निवेदने पुष्कळ निघतात, आणि घोळ नेमका त्या 'आम्ही'त आहे.

या लेखात मला एका विशिष्ट निवेदनाविषयी बोलायचे आहे. गावाजवळ रिसॉर्ट येणार, थंड हवेचे ठिकाण वसणार, असे कळल्यावर गाव जे लिहिते ते निवेदन. त्याची सुरुवात ठरलेली असते: 'आम्ही समस्त ग्रामस्थ.' पुढे वाडवडिलांची जमीन येते, ग्रामदैवत येते, पाणी आणि झाडे येतात, गावाची संस्कृती बिघडेल ही भीती येते. शेवटी सह्या. वर्गात असा कागद वाचताना मी मुलांना सह्यांपासून वाचायला सांगतो. सह्या कुणाच्या आहेत, अंगठे कुणाचे आहेत, आणि कुणाची ना सही आहे ना अंगठा? मजकुरात 'समस्त' असते, सह्यांत सातबारावाले असतात. ही तफावत समीक्षेचा विषय व्हायला हवी.

महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यातील मोसे खोऱ्याचे, म्हणजे लवासाचे आहे. शासनाने 1996 साली थंड हवेच्या नव्या ठिकाणांचे नियम केले. 2001 साली मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील 18 गावांचा टापू त्यासाठी जाहीर झाला. वरसगाव धरणाच्या काठावर हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या पुढाकाराने शहर उभे राहू लागले. त्याचा पहिला भाग दासवे गावी, इटलीतील पोर्टोफिनो या बंदरगावाच्या धर्तीवर बांधला गेला. या खोऱ्यातील लोकांच्या जमिनी आधी एकदा धरणात गेल्या होत्या. धरणासाठी, म्हणजे सार्वजनिक कामासाठी, संपादन झालेल्या जमिनीपैकी काही 2002 साली कृष्णा खोरे विकास महामंडळाने या खाजगी शहराला भाडेपट्ट्याने दिली. पुढे 2008 साली शासनाने त्याच कंपनीला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे बांधणारी तीच आणि बांधकामाला परवानगी देणारीही तीच. ग्रामपंचायतीपुढे नकाशा ठेवण्याची गरजच उरली नाही. हा दर्जा 2017 साली काढून घेण्यात आला, पण तोवर डोंगर उतरून झाले होते.

या साऱ्यावर जो वाद झाला तो बहुतांशी कोणत्या भाषेत झाला हे पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, तेव्हा मुद्दा असा होता की जागा समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरच्या वर आहे की खाली. वर असेल तर केंद्राची परवानगी लागते, खाली असेल तर लागत नाही, अशी ती भांडणे. नोव्हेंबर 2011 मध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह परवानगी मिळाली. उंचीची मोजदाद झाली, झाडांची झाली, उताराची झाली. त्या उतारावर राहणाऱ्या कातकऱ्यांच्या घराखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मात्र काही मोजके कार्यकर्तेच विचारीत राहिले.

तो प्रश्न कायद्याच्या भाषेत अगदी स्पष्ट विचारता येतो. कमाल जमीन धारणा कायद्याखाली भूमिहीनाला मिळालेली जमीन कायद्याच्या 29 व्या कलमानुसार जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर 1974 पासून कडक बंधने आहेत. मोसे खोऱ्यातल्या अशा जमिनींच्या खरेदीचे वाद महसूल खात्यापुढे गेले. आणि ज्याच्याकडे असा कागदही नाही त्याचे काय? कातकरी जमात केंद्राच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहे. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर तिचे नाव घेतले जाते. तिच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मालकाने जमीन विकली की वाडी आपोआप उठते. मुळशी तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, म्हणून 1996 च्या पेसा कायद्याने आदिवासी ग्रामसभेला जे थोडे बळ दिले तेही तिथे लागू नाही. अशा माणसाची प्रतिक्रिया कुठल्या निवेदनात शोधायची?

गंमत अशी की कंपनीच्या आणि तिच्या शहरी विरोधकांच्या चित्रात एक साम्य आहे. एकाला निर्मनुष्य, रम्य, हिरवे खोरे दिसले, तिथे शहर वसवावेसे वाटले. दुसऱ्यालाही निर्मनुष्य, रम्य, हिरवे खोरेच दिसले, ते तसेच राहावे असे वाटले. दोघांच्याही चित्रात कातकरीण मोळी घेऊन उतरताना दिसली तर ती चित्राची शोभा म्हणून. सह्याद्री वाचला पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण सह्याद्री वाचवण्याचे जे लेखन मराठीत झाले त्यात माणूस कमी आणि माणसाची जात त्याहून कमी आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

ही आजचीच गोष्ट आहे असे नाही. त्याच मुळशीत शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. 1921 साली तो सुरू झाला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, 1924 पर्यंत तो विझला. आपल्या शालेय पुस्तकी समजुतीत तो मावळ्यांचा एकदिलाने दिलेला लढा आहे. राजेंद्र व्होरांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा वेगळेच दिसले. जमिनींची मालकी मोठ्या प्रमाणावर सावकारांच्या हाती गेली होती. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला पुरेसा होता. मोबदल्याचा आकडा वाढला तशी एकजूट सैल झाली. पैसा ज्याच्या नावावर कागद त्याला मिळतो, आणि पाणी मात्र कसणाऱ्याच्या उंबऱ्यात शिरते. हे व्होरांचे पुस्तक कार्यकर्त्यांनी पुन्हा वाचावे. रिसॉर्टला विरोध करणारा गाव आतून कुठे फुटतो ते त्यात आधीच सापडते.

मराठी कादंबरीत धरणग्रस्त आला. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' 1991 ची. दया पवारांनी तर धरण बांधणाऱ्या बाईचीच कविता लिहिली. धरण जिच्या हातचे आणि पाणी ज्याचे, ते दोघे वेगळे असतात हे त्यांनी जितके नेमके सांगितले तितके एकाही अहवालाने सांगितलेले नाही. रिसॉर्टवर अशी कविता माझ्या वाचनात अजून आलेली नाही. रिसॉर्ट बांधणारे हातही तेच आहेत, आणि बांधून झाल्यावर चादरी बदलणारे, हिरवळ कापणारे, फाटकावर उभे राहणारे हातही तेच.

येथे मला थोडे अवघड बोलायचे आहे. माझे वडील सालदार होते. गुढीपाडव्याला साल ठरायचे आणि वर्षभर माणूस बांधला जायचा. मी घरातला पहिला पदवीधर. अशा घरातल्या माणसाला, रिसॉर्टमध्ये महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, मालक जात विचारीत नाही, असे कुणी सांगितले तर तो काय करील? तो विरोधाच्या निवेदनावर सही करणार नाही. मग गाव त्याला फितूर म्हणते. गेल्या हंगामापर्यंत ज्याला हापशावर मागे उभे केले, तो आज 'आपल्या गावाच्या संस्कृती'साठी का उभा राहत नाही, असा सवाल गाव त्याला करते! बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाची जी झाडाझडती घेतली ती याच भाबडेपणाची होती. खेडे हे घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, याचा त्यांनी आनंद व्यक्त केला होता. 'समस्त ग्रामस्थ' या दोन शब्दांनी ती व्यक्ती पुन्हा खेड्यात बुडवली जाते.

पण म्हणून रिसॉर्टच्या बाजूला जावे काय? आपल्यातले काही तरुण आता तसे बोलू लागले आहेत. खेडे मोडते ना, मग मोडू द्या, असा त्यांचा सूर असतो. मला तो पटत नाही. रिसॉर्ट खेडे मोडीत नाही. तो खेड्यातली जमीन घेतो आणि खेड्यातली उतरंड तशीच कामाला लावतो. ज्याच्या नावावर जमीन होती तो दलाल होतो, ठेकेदार होतो, मजूर पुरवतो. ज्याच्या नावावर नव्हती तो त्याच्याच हाताखाली रोजंदारीवर जातो. आणि कंपनी बुडाली तर पहिला पगार त्याचा थांबतो. लवासाची कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कर्ज देणाऱ्या बँकांनी त्या न्यायाधिकरणात आपले दावे मांडले. रस्ता झाडणाऱ्याचे बुडालेले दिवस त्या दाव्यांच्या ढिगात कुठे असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

मग पर्याय कोणता? तोही आपल्याच इतिहासात आहे. कोकणात खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कुणबी होते, महार होते, कम्युनिस्ट होते. त्या लढ्यातला 'आम्ही' गावाच्या नावाने उभा राहिला नव्हता. जो कसतो तो, असा त्याचा अर्थ होता. जातीवरून तोंड न पाहणारी माणसे कसण्याच्या हक्कावर एका रांगेत आली. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलमध्ये गोल्फ मैदान आणि हॉटेलाचा प्रकल्प आला तेव्हाही असेच काही दिसले. तिथल्या लोकांचे मुख्य म्हणणे आपण कुळे आहोत, आणि जमीनदाराने केलेली विक्री आपल्यावर बंधनकारक नाही, हे होते. मे 2015 मध्ये काजूच्या झाडांवर यंत्रे आली तेव्हा लोक आडवे झाले ते या हक्काच्या जोरावर. रम्य गावाची भाषा त्यांनी केली नसेल असे नाही, पण त्यांचा पाय कूळकायद्यावर होता. निवेदनाची समीक्षा करायची तर कसोटी ही लावावी.

आमच्या वऱ्हाडात अजून असे मोठे रिसॉर्ट नाहीत. पण चिखलीहून मेहकरमार्गे लोणारला गेले की काय येऊ घातले आहे याची चाहूल लागते. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्याच वर्षी ते रामसर यादीत गेले, आणि तेव्हापासून पर्यटन, सुशोभीकरण, विकास आराखडा हे शब्द रोजचे झाले आहेत. सरोवर जपले जावे, त्यावर दुमत नाही. माझी चिंता आजूबाजूच्या जमिनीची आहे. बाकी महाराष्ट्र ज्याला गायरान म्हणतो त्याला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनंतर आपल्या माणसांनी ही जमीन वहीत केली, दगड वेचले, ज्वारी काढली. शासनाने 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले, पण कितीतरी प्रकरणे तशीच पडून राहिली. पुढे जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. त्या निकालातच भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवलेला आहे. आपले सरपंच आदेश वाचतात, अपवाद वाचीत नाहीत. 2022 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या लोकांना नोटिसा गेल्या तेव्हा हे पुन्हा दिसले.

उद्या सरोवराच्या परिसरात एखादा पर्यटन प्रकल्प आला तर पहिली नजर ई-क्लासवर जाईल, कारण तिथे मोबदला देण्याची गरज नाही. आणि त्या दिवशी 'समस्त ग्रामस्थां'चे निवेदन निघेल त्यात या वहितीचा उल्लेख असेलच अशी खात्री मला नाही. कदाचित प्रकल्पाला ई-क्लास द्या, आमच्या मालकीच्या जमिनी सोडा, असेच त्यात असेल.

म्हणून लोणार-मेहकरकडून आमच्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलामुलींना मी सध्या एक काम देतो. तलाठ्याकडे गाव नमुना 1-ई असतो. अतिक्रमणाची नोंदवही ती. त्यात आपल्या आजोबाचे नाव कुठल्या साली, कुठल्या गटात, किती क्षेत्रावर आहे त्याची नक्कल काढा. घरी दंडाच्या पावत्या असतील तर साल लावून ठेवा. आमच्या आईने त्या पितळी डब्यात, नवबौद्धाच्या दाखल्याबरोबर ठेवल्या आहेत. तिला वाचता येत नाही, पण कोणता कागद फेकायचा नाही हे तिला बरोबर कळले. पावती दंडाची असली तरी तिच्यावर नाव आहे, गट आहे, तारीख आहे. गावाच्या निवेदनात आपली सही घेतली नाही, तर आपले निवेदन वेगळे द्यावे, आणि त्याला या नकला जोडाव्यात.