जीर्णोद्धार आणि भाष्य : ‘हाफ-लाइफ’ व ‘ब्लॅक मेसा’ यांचा तौलनिक विचार

जुन्या कलाकृतीला नवे रूप देताना कर्त्याची निष्ठा कशाशी असावी, हा प्रश्न मराठी समीक्षेला अपरिचित नाही. भाषांतर, रूपांतर, टीका, भाष्य या संज्ञा मराठीत पूर्वीपासून रूढ आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकीच्या मागे मूळ कृतीशी असावयाच्या नात्याची एक निश्चित कल्पना आहे. संगणकीय खेळ हा त्या मानाने नवा कलाप्रकार. परंतु त्यालाही आता इतके वय आले आहे, की त्यातील अभिजात ठरलेल्या कृतींची पुनर्निर्मिती सर्रास होऊ लागली आहे. अशा पुनर्निर्मितीला वरीलपैकी कोणती संज्ञा लागू पडते, याचा विचार एका ठळक उदाहरणाच्या आधारे करणे उद्बोधक ठरेल. हे उदाहरण म्हणजे ‘हाफ-लाइफ’ हा विज्ञानकथात्मक नेमबाजीचा खेळ आणि त्याची ‘ब्लॅक मेसा’ ही पुनर्निर्मिती.

‘हाफ-लाइफ’ हा खेळ अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने तयार केला व १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये तो बाजारात आला. ‘क्वेक’ या आधीच्या खेळाची संगणकीय यंत्रणा घेऊन व तीत पुष्कळ फेरफार करून तो रचण्यात आला होता. २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला व त्याच्याबरोबर सोर्स ही नवी यंत्रणा आली. त्याच वर्षी पहिला खेळ या यंत्रणेवर जवळजवळ जसाच्या तसा उतरवून ‘हाफ-लाइफ : सोर्स’ या नावाने देण्यात आला. ही आवृत्ती अक्षरशः प्रामाणिक होती. पण नव्या यंत्रणेच्या प्रकाशात जुन्या भिंती व जुने चेहरे अधिकच ओबडधोबड दिसू लागले आणि रसिकांची निराशा झाली. या निराशेतून काही हौशी रचनाकार एकत्र आले व त्यांनी संपूर्ण खेळ नव्याने बांधण्याचे काम हाती घेतले. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या कृतीचा मोठा भाग विनामूल्य उपलब्ध झाला. पुढे मूळ कंपनीच्या संमतीने ती विक्रीस आली. परग्रहावरील अखेरची प्रकरणे २०१९ च्या शेवटी जोडली गेली आणि मार्च २०२० मध्ये ती पूर्ण झाली. क्रोबार कलेक्टिव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींनी एका खेळासाठी तपाहून अधिक काळ खर्च केला, ही गोष्ट त्यांच्या निष्ठेची साक्ष देते. ही निष्ठा कोणत्या स्वरूपाची होती, हाच येथे विचाराचा विषय आहे.

प्रथम मूळ कृतीचे स्वरूप थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखाली ब्लॅक मेसा नावाचे विशाल संशोधनकेंद्र आहे. तेथील गॉर्डन फ्रीमन हा तरुण पदार्थवैज्ञानिक एका प्रयोगात सहभागी होतो. प्रयोग फसतो, दोन विश्वांमधील आडपडदा फाटतो आणि झेन नामक परक्या जगातील प्राणी केंद्रात अवतरतात. जमिनीवरून मदत येईल या आशेवर फ्रीमन वर चढत जातो. पण आलेले सैनिक साक्षीदार नाहीसे करण्यासाठी आलेले आहेत, हे त्याला एका शास्त्रज्ञाची हत्या प्रत्यक्ष पाहून कळते. अखेर त्याला स्वतः झेनमध्ये जावे लागते.

कथानक म्हणून यात अपूर्व असे फारसे नाही. अपूर्वता आहे ती निवेदनपद्धतीत. आरंभापासून अंतापर्यंत खेळणाऱ्याची दृष्टी फ्रीमनच्या डोळ्यांबाहेर पडत नाही आणि फ्रीमन एक शब्दही बोलत नाही. मध्येच खेळ थांबवून चित्रपटासारखी दृश्ये दाखविण्याची त्या काळी रूढ असलेली युक्ती येथे कटाक्षाने टाळलेली आहे. आरंभीचा कित्येक मिनिटांचा भुयारी गाडीतील प्रवास पाहावा. त्यात खेळणाऱ्याला डब्यात फिरणे व खिडकीबाहेर पाहणे एवढेच शक्य असते. परंतु त्या पाहण्यातूनच केंद्राचा अवाढव्य पसारा, तेथील निर्धास्त दिनक्रम आणि स्वतःचे त्यातील क्षुद्र स्थान या सर्व गोष्टी कोणी न सांगता मनावर ठसतात. खेळणाऱ्याला सांगावयाचे ते त्याच्या भोवतीच्या जागेकडून वदवून घ्यावयाचे, हे या कृतीचे मूलतत्त्व होय.

‘ब्लॅक मेसा’चा पृथ्वीवरील भाग या दृष्टीने पाहिला असता त्याला जीर्णोद्धार हेच नाव शोभते. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करताना झिजलेले चिरे बदलले जातात, शिखर नवे बांधले जाते. पण प्रदक्षिणेचा मार्ग व गाभाऱ्याचे स्थान तेच राहते. येथेही तसेच घडले आहे. भिंत, दिवा, चेहरा, आवाज यांतील प्रत्येक वस्तू नवी आहे. तरीही जुन्या खेळणाऱ्याला वळण कोठे आहे हे आधीच ठाऊक असते. ज्या प्रकरणात एका खोल विवरातून बाहेर आलेले तीन राक्षसी शुंडादंड केवळ आवाजावरून भक्ष्य शोधतात, तेथे आजही दबकत चालावे लागते, दूर हातबाँब टाकून त्यांचे लक्ष वेधावे लागते आणि इंधन, प्राणवायू व वीज यांचा पुरवठा सुरू करून अग्निबाणाचे इंजिन पेटवावे लागते. भय आणि कार्य यांची ही सांगड मूळ कृतीत जशी होती तशीच राहिली आहे. आठवणीत जुने दृश्य नेहमी प्रत्यक्षाहून अधिक भरीव असते; ‘ब्लॅक मेसा’ने त्या आठवणीतील दृश्य उभे केले. २००४ ची आवृत्ती अक्षराशी प्रामाणिक राहून फसली आणि ही आवृत्ती अक्षर बदलूनही प्रत्ययाला जागली, हा तौलनिक निष्कर्ष भाषांतरमीमांसेच्या अभ्यासकालाही विचारात घेण्याजोगा आहे.

मात्र या जीर्णोद्धारात काही ठिकाणी छिन्नी अधिक चालली आहे. भूमिगत रुळांवरून प्रवास करावयाचे प्रकरण मूळ कृतीत लांबलचक व गोंधळात पाडणारे होते. पुनर्निर्मितीत ते बरेच छाटले आहे. ते प्रकरण अनेकांना कंटाळवाणे वाटे, हे खरे. परंतु त्या कंटाळ्यालाही अर्थ होता. तेच तेच बोगदे, तेच फाटे आणि पुनःपुन्हा चुकणारी वाट यांतून केंद्राचे अमानुष आकारमान अंगाला जाणवत असे. कृतीतील प्रत्येक रेंगाळणे हा दोषच होय, असे गृहीत धरणारा संपादक कधीकधी दोषाबरोबर गुणही कापून टाकतो. त्याचे हे उदाहरण म्हणता येईल.

झेनमधील प्रकरणांत पुनर्निर्मितीची भूमिका पूर्णपणे पालटते. मूळ कृतीचा हा भाग तिचा सर्वांत दुबळा भाग मानला गेला आहे. अंतराळात तरंगणारी काही उघडी बेटे, त्यांवरून घ्यावयाच्या लांब उड्या, आणि घाईने गुंडाळल्यासारखा वाटणारा शेवट असे त्याचे स्वरूप होते. येथे जुन्या चिऱ्यांवर भागणारे नव्हते. म्हणून रचनाकारांनी हा भाग जवळजवळ नव्यानेच लिहिला. मूळ खेळात फ्रीमनच्या आधी तेथे पोचलेल्या संशोधकांची प्रेते संरक्षक पोशाखात इतस्ततः पडलेली दिसत. पुनर्निर्मितीने त्या एका सूचनेवरून त्यांची ठाणी, प्रयोगशाळा व अखेरचे दिवस उभे केले. वनस्पती, पाणी आणि प्रकाश यांनी भरलेले हे जग निःसंशय रमणीय आहे. तथापि विस्तारालाही मर्यादा असावी लागते. परकीयांच्या कारखान्याचे प्रकरण इतके लांबले आहे, की एकाच युक्तीची पुनरावृत्ती खेळणाऱ्याला थकवून सोडते. रुळांचे प्रकरण लांब म्हणून छाटणाऱ्यांनीच हे लांबवावे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

या भागाचे खरे महत्त्व मात्र निराळ्या ठिकाणी आहे. खेळाच्या आरंभापासून फ्रीमनवर हिरव्या विजेचे लोळ फेकणारे, कुबड निघालेले, लाल डोळ्यांचे जे प्राणी समोर येतात, ते पुढे व्होर्टिगाँट या नावाने ओळखले गेले. मूळ खेळात त्यांच्या गळ्यात पट्टा व मनगटांत कडी होती. खेळाच्या अंतर्गत नोंदींत तर त्यांचा उल्लेखच परग्रही गुलाम असा आहे. परंतु १९९८ च्या अंधुक चित्रात आणि झटापटीच्या गर्दीत त्या कड्यांकडे कोणाचे लक्ष जाणार? २००४ च्या दुसऱ्या खेळात हेच प्राणी मुक्त झालेले, शहाणे व फ्रीमनचे सहकारी म्हणून भेटतात आणि आपले बंधन त्याच्या हातून तुटले, असे मानतात. तेव्हा मागे वळून पाहणाऱ्याला उमगते, की आपण ज्यांना शत्रू समजून मारीत होतो, ते बेडीत जखडलेले जीव होते. ‘ब्लॅक मेसा’ने हे पुढचे ज्ञान मागच्या कथेत आणून ठेविले. येथे त्यांच्या वस्त्या दिसतात, त्यांचे श्रम दिसतात. त्यांच्या मनावर ताबा ठेवणारे नियंत्रक दिसतात आणि त्या नियंत्रकांना मारले की हे प्राणी शांत होतात. हे काम जीर्णोद्धाराचे राहिलेले नाही. हे भाष्य आहे. सूत्रात जे ध्वनित होते, ते भाष्यकाराने उघड करून दाखविले.

भाष्याने सूत्राचे काय केले, हा प्रश्न आता उरतो. मूळ कृतीतही त्या कारखान्यात असे काही गुलाम भेटतात, की जे डिवचल्याशिवाय हल्ला करीत नाहीत. निमूटपणे आपले काम करीत राहतात. त्याविषयी खेळ काहीच सांगत नाही. खेळणाऱ्याच्या हाती बंदूक असते आणि इतक्या वेळच्या सवयीने ती आपोआप उचलली जाते. ती झाडावी की खाली करावी, हे त्याने एकट्याने ठरवावयाचे असते. ज्याने झाडली त्याला शिक्षा नाही, ज्याने आवरली त्याला शाबासकी नाही. पुनर्निर्मितीने मात्र नियंत्रकाच्या रूपाने दोषाला एक निराळा धनी मिळवून दिला. आता खेळणाऱ्याला कोणाला मारावे व कोणाला सोडावे हे स्पष्ट कळते. तो मुक्तिदाता म्हणून निःशंक मनाने पुढे जातो. करुणा वाढली, पण जबाबदारी हलकी झाली. शिवाय पृथ्वीवरील पूर्वीच्या प्रकरणांत हेच प्राणी डझनांनी मारले गेले, त्याचे काय, या प्रश्नाला भाष्य स्पर्श करीत नाही; तो भाग जीर्णोद्धाराच्या नियमाने जसाच्या तसा ठेवला असल्यामुळे तेथे ते केवळ शत्रूच राहिले आहेत. एकाच कृतीत दोन निष्ठा नांदू लागल्या, की असा सांधा दिसावयाचाच.

असे असूनही भाष्याच्या पारड्यात एक मोठे श्रेय टाकले पाहिजे. त्याच्यामुळे खेळाचा शेवट नव्या अर्थाने उजळतो. दोन्ही कृतींत अखेरीस एक गूढ, सूटबूटधारी गृहस्थ फ्रीमनला आपल्या सेवेत येण्याचे निमंत्रण देतो. स्वीकार केला तर अज्ञात धन्याची अनिश्चित चाकरी. नकार दिला तर निःशस्त्र अवस्थेत परग्रही सैन्यापुढे उभे राहणे. ज्याच्या नावाचाच अर्थ स्वतंत्र मनुष्य असा आहे, त्याने एका जातीची बेडी तोडावी आणि दुसऱ्याच क्षणी स्वतः बेडीत अडकावे, ही विडंबना मूळ कृतीत बीजरूपाने होतीच. पण गुलामांच्या वस्तीतून चालून आलेल्या खेळणाऱ्याला ती ज्या तीव्रतेने जाणवते, त्या तीव्रतेने ती १९९८ च्या खेळणाऱ्याला क्वचितच जाणवली असेल.

यावरून एक सामान्य तत्त्व मांडता येईल. पुनर्निर्मिती मूळ कृतीची जागा घेऊ शकत नाही. जीर्णोद्धार म्हणून ती मूळ कृतीचा प्रत्यय टिकविते आणि भाष्य म्हणून तिचा अर्थ निश्चित करते. अर्थ निश्चित होणे हा लाभ आहे, तशीच ती हानीही आहे. कारण जेथे मूळ कृती गप्प होती, तेथे तिच्या मौनाने खेळणाऱ्याला बोलावयास लावले होते. सुदैवाने येथे दोन्ही संहिता उपलब्ध आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, व्हॉल्व्हने मूळ खेळ आजच्या यंत्रांवर नीट चालेल अशा रीतीने सुधारून दिला. म्हणून अभ्यासकाने आधी सूत्र व मग भाष्य हा क्रम सोडू नये. ‘ब्लॅक मेसा’ आधी खेळणाऱ्याला त्या गुलामांची कहाणी कळेल. पण न कळताच बंदूक उचलल्यानंतर, दुसऱ्या कोणी न सांगता, आपला हात आपणच खाली घेण्याचा जो प्रसंग जुन्या खेळात येतो, तो त्याच्या वाट्याला येणार नाही.