बारा गावचे पाणी

'बारा गावचे पाणी प्यालेला' हे विशेषण आपल्या भाषेत निर्भेळ स्तुतीचे नाही. त्यात अनुभवाची कबुली असली तरी थोडा संशयही मिसळलेला असतो. ज्याचा पाय एका ठिकाणी ठरत नाही त्याच्या अंगी काहीतरी उणीव असली पाहिजे, एरवी पहिल्याच गावाने त्यास ठेवून घेतले नसते काय, असा तो संशय होय. इंग्लंडातील धंदेवाईक फुटबॉलपटू स्टीव्ह क्लॅरिज यांची कारकीर्द पाहताना हे विशेषण आम्हांस वारंवार आठवले. १९८४ पासून २००६ पर्यंत हे गृहस्थ बाराहून अधिक क्लबांच्या आघाडीस खेळले. त्यांच्या देशाच्या संघात त्यांची निवड कधीच झाली नाही. असे असूनही इंग्लंडातील फुटबॉलचे रसिक त्यांस ओळखतात, आणि ही ओळख मुख्यतः दोन गोलांमुळे आहे. एका दीर्घ कारकीर्दीचे मोल दोन क्षणांवरून ठरवावे काय, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

अशा खेळाडूस इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. ऐकणारास वाटते की हा शब्द प्रवासावरून आला असावा. वस्तुतः त्याचे मूळ 'दिवसभराचे काम' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. उमेदवारी संपवून काम शिकलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला, रोजावर दुसऱ्याच्या हाताखाली राबणारा कारागीर तो जर्नीमन. शब्दात निंदा नाही. पण उस्तादाची पदवीही नाही. इंग्लंडच्या फुटबॉलची व्यवस्थाच अशी आहे की तीत अशा कारागिरांची गरज सतत भासते. तेथे चार श्रेणींत मिळून ब्याण्णव क्लब खेळतात. हंगामाच्या शेवटी वरच्या श्रेणीतील तळचे क्लब खाली येतात आणि खालचे यशस्वी क्लब वर चढतात. या चढउतारात कोणास एका हंगामापुरता आघाडीचा गडी हवा असतो, कोणास तीन महिन्यांपुरता. खेळाडू करार करतो, विकला जातो, उसना दिला जातो, आणि बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी जातो.

क्लॅरिज यांचा जन्म १९६६ सालचा, पोर्ट्समथ या बंदराच्या शहरातला. फेअरहॅम टाऊन या लहानशा क्लबाकडून ते १९८४ मध्ये बोर्नमथकडे आले. तेथे बस्तान बसले नाही, म्हणून लीगबाहेरच्या वेमथ या क्लबात गेले. १९८८ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने त्यांस घेतले. परंतु पहिल्या संघातून एकही सामना न खेळविता त्याच वर्षी सोडून दिले. तेथून ऑल्डरशॉट. तो क्लब तर पुढे १९९२ मध्ये कर्जापायी भर हंगामात बुडाला आणि लीगमधून नाहीसा झाला. पायाखालची जमीन अशी केव्हाही सरकू शकते, हे या धंद्यातील तरुणास पहिल्या काही वर्षांतच कळते.

१९९० मध्ये ते केंब्रिज युनायटेडमध्ये आले. तेथील व्यवस्थापक जॉन बेक हे विक्षिप्त, पण त्या काळापुरते यशस्वी गृहस्थ होते. चेंडू मधल्या खेळाडूंकडे न रेंगाळता थेट पुढे, कोपऱ्यांकडे उडवावा. तो बाहेर न जाता तेथेच थांबावा म्हणून कोपऱ्यांतील गवत वाढू द्यावे. सामन्यापूर्वी खेळाडूंच्या अंगावर गार पाण्याच्या बादल्या ओताव्यात, असा त्यांचा खाक्या. या पद्धतीने क्लब लागोपाठ दोन वर्षांत दोन श्रेणी वर चढला. परंतु या शिस्तीत खेळाडूच्या स्वतःच्या बुद्धीस जागा नव्हती, आणि क्लॅरिज यांचे बेक यांच्याशी तीव्र खटके उडाले. १९९२ मध्ये ते लूटनला विकले गेले. त्याच वर्षी बेक यांची गच्छंती झाली आणि काही आठवड्यांतच क्लॅरिज केंब्रिजला परत आले. पुढे १९९४ मध्ये ते बर्मिंगहॅम सिटीत गेले. तेथील १९९४-९५ च्या हंगामात त्यांनी वीसहून अधिक गोल केले, आणि क्लबाने तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून वर पाऊल ठेविले. १९९६ च्या वसंतात लेस्टर सिटीने दहा लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन त्यांस विकत घेतले. तेव्हा त्यांचे वय तिशीस टेकले होते.

आता ते दोन गोल. २७ मे १९९६ रोजी लंडनच्या जुन्या वेम्बली मैदानावर लेस्टर व क्रिस्टल पॅलेस यांचा सामना झाला. जो जिंकेल तो पहिल्या श्रेणीत जाणार होता. एक एक गोल होऊन बरोबरी झाली. जादा वेळही संपत आला. लेस्टरचे व्यवस्थापक मार्टिन ओनील यांनी पेनल्टींच्या तयारीने झेल्को कालाच या धिप्पाड गोलरक्षकास बदली म्हणून मैदानात उतरविले. इतक्यात गोलक्षेत्राच्या कडेशी चेंडू क्लॅरिज यांच्यापाशी आला. त्यांनी जोराने मारला. तो पायाच्या पंज्यावर न बसता नडगीवर बसला, आणि पॅलेसच्या गोलरक्षकास हलण्याची फुरसत न देता जाळ्यात गेला. ज्या क्लबाने आठ वर्षांपूर्वी त्यांस एकदाही खेळविले नव्हते, त्याच्याच विरुद्ध हा गोल झाला. पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १९९७ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लीग कपाच्या पुन्हा खेळविलेल्या अंतिम सामन्यात मिडल्सबरोविरुद्ध जादा वेळेत जो एकमेव गोल झाला तोही क्लॅरिज यांचाच. १९६४ नंतर लेस्टरच्या हाती प्रथमच मोठे चषक आले.

टीकाकार म्हणतात की पहिला गोल नशिबाचा होता. नडगीवर बसलेल्या फटक्यास कौशल्य म्हणता येणार नाही हे उघड आहे, आणि क्लॅरिज यांचे चाहतेही तसा आग्रह धरीत नाहीत. परंतु हा आक्षेप अर्ध्यावर थांबतो असे आमचे मत आहे. एकशेविसाव्या मिनिटास, पाय गळून गेले असताना, बाकीचे सर्व मनाने पेनल्टींकडे वळले असताना, तो गृहस्थ त्या जागी उभा होता आणि मारण्यास तयार होता; यात नशिबाचा भाग कोणता? मोजे घोट्यांपर्यंत घसरलेले, सदरा बाहेर लोंबणारा, अशा अवतारात हा खेळाडू नव्वद मिनिटे दोन दोन बचावपटूंच्या मागे धावत असे. त्या धावण्यातून बहुधा काहीच निष्पन्न होत नसे. आघाडीच्या गड्याचे हे काम रोजच्या मजुरीसारखे असते: शंभर वेळा व्यर्थ जावे तेव्हा एकशेएकाव्या वेळी चेंडू पायाशी येतो. नशिबाने चेंडू नडगीवर बसविला असेल; तेथवर नडगी नेली ती सवयीने.

याच्या उलट दुसऱ्या पक्षाची स्तुतीही आम्हांस मान्य नाही. 'अंगी गुण नव्हते, पण कष्टाळू होता' असे म्हणून हा पक्ष खेळाडूच्या पाठीवर थाप मारतो. या थापेत अवहेलनाच अधिक आहे. बाराहून अधिक क्लब केवळ घाम पाहून कोणास पैसे देत नाहीत. नव्या गावी जावे, दहा अपरिचितांच्या सवयी आठवड्याभरात ओळखाव्यात, कोण चेंडू पायाशी देतो व कोण पुढे फेकतो हे ध्यानी घ्यावे, आणि पहिल्याच शनिवारी उपयोगी पडावे, ही स्वतंत्र विद्या आहे. एकाच संघात वाढलेल्या थोर खेळाडूसही ती कित्येकदा साधत नाही. संगीत नाटकांच्या काळी एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जाणाऱ्या, आणि दोन दिवसांत भूमिका उभी करणाऱ्या नटांचे ज्यांनी ऐकले असेल, त्यांस या विद्येची किंमत सांगावयास नको. अशा नटाच्या नावाने तिकिटे खपत नसत. पण तो नसला तर पडदा उघडत नसे.

क्लॅरिज यांचे आत्मवृत्त, 'टेल्स फ्रॉम द बूट कॅम्प्स', १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. क्रीडावृत्तलेखक इअन रिडली यांच्या साहाय्याने ते लिहिले आहे. खेळाडूंची आत्मवृत्ते सहसा गोडगोड असतात. हे तसे नाही, ही त्याची पहिली जमेची बाजू. घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावण्याच्या व्यसनापायी आपण किती पैसा घालविला, हे लेखक लपवून ठेवीत नाहीत. वाचताना असा तर्क करण्याचा मोह होतो की मैदानावर अशक्य फटका मारून पाहणारा आणि पैज लावणारा हे एकाच स्वभावाचे दोन आविष्कार असावेत. आम्ही तो मोह आवरतो. व्यसनास असे काव्यमय कारण जोडले की त्याची धार बोथट होते. हरलेला पैसा म्हणजे हरलेला पैसा. त्यास प्रतिभेची किंमत म्हणू नये. मात्र स्वतःचा दोष स्वतःच्या नावानिशी छापणे यास धैर्य लागते, हे कबूल केले पाहिजे.

आमची तक्रार या पुस्तकाच्या शेवटाविषयी आहे. ते लिहिले गेले तेव्हा लेखक एकतीस वर्षांचे होते आणि वेम्बली व हिल्सबरो नुकतेच घडले होते. त्यामुळे इतक्या गावांच्या पायपिटीस आपोआप तीर्थयात्रेचा आकार आला: कष्ट केले, अपमान सोसले, अखेर देव पावला. मन प्रसन्न करणारा हा आकार खरा नाही. पुस्तकाच्या शाईस वर्ष होते न होते तोच, १९९८ च्या मार्चपर्यंत, क्लॅरिज लेस्टरमधून बाहेर पडले होते. वुल्व्हरहॅम्प्टनला त्यांस मोजके सामने मिळाले आणि त्यांत एकही गोल झाला नाही. मग जन्मगावच्या पोर्ट्समथ क्लबात ते परतले. तेथे २००० मध्ये खेळाडू व व्यवस्थापक अशी दुहेरी जबाबदारी मिळाली, ती काही महिन्यांतच काढून घेण्यात आली. मिलवॉलकडून ते चांगले खेळले. परंतु त्याच क्लबाने २००५ मध्ये त्यांस व्यवस्थापक नेमून, हंगामातील पहिला सामना होण्यापूर्वीच, पाच आठवड्यांत दूर केले. शिवाय ब्रायटन, ब्रेंटफर्ड, विकम, जिलिंगहॅम, ब्रॅडफर्ड, वॉल्सॉल, अशी गावांची माळ वाढतच राहिली. तेव्हा वय चाळिशीस टेकलेले होते.

हा उत्तरार्ध पुस्तकात नाही, आणि आमच्या मते तोच या कारकीर्दीचा अधिक विचार करण्याजोगा भाग होय. देव पावल्यानंतरही जो मनुष्य वारी सोडत नाही, त्याची निष्ठा नवसाची नसते. आयर्लंडचे खेळाडू इमन डन्फी यांनी मिलवॉल क्लबातील एका हंगामाची रोजनिशी १९७६ मध्ये 'ओन्ली अ गेम?' या नावाने छापली. तीत विजयाचा कळस नाही. हंगामाच्या मध्यावर संघातील जागा गमावलेल्या मनुष्याचे मन आहे. क्लॅरिज यांनी दहा वर्षे थांबून लिहिले असते, तर त्याच तोलाचे पुस्तक मराठी वाचकासही सुचविता आले असते.

कारकीर्दीचा शेवट मात्र कोणत्याही कादंबरीकारास सुचला नसता. मोजदाद करता क्लॅरिज यांचे नऊशे नव्याण्णव सामने भरले होते, आणि हजारावा खेळण्यास क्लब हवा होता. बोर्नमथने, म्हणजे बावीस वर्षांपूर्वी जेथून लीगमधील वाटचाल सुरू झाली होती त्याच क्लबाने, त्यांस बोलाविले. ९ डिसेंबर २००६ रोजी पोर्ट व्हेलविरुद्ध सामना झाला. बोर्नमथ चार गोलांनी हरले. एकही गोल फेडता आला नाही.

या सामन्यावर काही रसिक हसले. आकड्यासाठी केलेला हा हट्ट, असे त्यांचे म्हणणे. हजार या संख्येचा थोडा मोह येथे होता, हे आम्हीही नाकारीत नाही. तरी हरलेल्या त्या सामन्यामुळेच ही कारकीर्द आम्हांस प्रामाणिक वाटते. शेवटच्या मिनिटास पुन्हा एकदा नडगीवर चेंडू बसला असता, तर आपण त्यास पुन्हा त्या दोन क्षणांत कोंडले असते. तसे घडले नाही. हजारावा सामना उरलेल्या बहुतेक सामन्यांसारखाच गेला: थंडी, धावाधाव आणि रिकामे हात.

आपल्या घरांत मुलांची बक्षिसे काचेच्या कपाटात मांडलेली असतात. येणाऱ्या पाहुण्यास आपण ती दाखवितो, आणि मुलेही हळूहळू स्वतःस त्याच कपाटातून पाहू लागतात. क्लॅरिज यांच्या कपाटात दाखविण्याजोगे थोडेफार आहे. परंतु त्यांची योग्यता ठरविताना आम्ही ते कपाट उघडणार नाही. एका गावाने नाकारल्यावर पुढच्या गावच्या मैदानात, पहिल्या दिवसाच्या उमेदवाराप्रमाणे, ते किती वेळा उभे राहिले ते मोजू. तो आकडा कोणत्याही विक्रमाच्या पुस्तकात छापलेला नाही. पण बारा गावचे पाणी पिण्याचा अर्थ त्यातच आहे.