नुसतं दाखवणारी अवजारं

जुना पीसी रखडायला लागला की मलकापूर असो, मेहकर असो की देऊळगाव राजा, दुकानात एकच औषध मिळतं: ‘फॉरमॅट मारा.’ औषध लागू पडतं, यात वाद नाही. पण दाखले-उतारे काढून देणाऱ्या सेवा केंद्राच्या मशीनवर फॉरमॅट मारल्यावर काय काय पुन्हा बसवावं लागतं, ते तिथे बसणाऱ्यालाच विचारावं. प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, कृतिदेवचे फॉन्ट, मराठी टायपिंगचं आयएसएम. जुलैमध्ये दारात पीक विम्याची रांग लागलेली असताना एवढा वेळ कुणाकडे असतो? शिवाय फॉरमॅटने दुखणं जातं, पण ते होतं कशाचं हे शेवटपर्यंत कळत नाही.

दुखणं कशाचं आहे हे सांगणारी काही छोटी, फुकट अवजारं विंडोजसाठी लिहिली गेली आहेत. उपयोगी म्हणून त्यांची शिफारस बरेच जण करतात. मला ती त्यांच्या घडणीसाठीही आवडतात. त्यांतली चार इथे जरा निरखून पाहू. निकष एकच ठेवू: अवजार किती कामं उरकतं हा नव्हे, तर किती नेमकं दाखवतं आणि कुठे थांबतं हा.

पहिलं विनडिरस्टॅट. सी ड्राइव्ह लाल झाला की हे चालवायचं. डिस्क वाचली जात असताना फोल्डरांच्या नावांशेजारी छोटे पॅकमॅन तोंड उघडझाप करत फिरतात. वाट पाहणाऱ्याची एवढी करमणूक लिहिणाऱ्यांनी ठेवली आहे. वाचून झालं की खाली रंगीत चौकोनांचा पट उमटतो. गावाच्या गटनकाशात ज्याची जमीन मोठी त्याचा तुकडा मोठा, तसं इथे जी फाइल जड तिचा चौकोन मोठा. रंगावरून फाइलचा प्रकार कळतो. मात्र खरी करामत छटेत आहे. प्रत्येक चौकोन उशीसारखा किंचित फुगीर रंगवलेला असतो, त्यामुळे रेघा न मारताही एक फोल्डर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते डोळ्याला आपोआप कळतं. ही फुगीर छटा नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या यार्के फान वाइक आणि ह्यूब फान द वेतरिंग यांनी १९९९ मध्ये मांडली. मुळातली चौकोनी नकाशाची कल्पना अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या बेन श्नायडरमन यांची. १९९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक डिस्क १४ जण मिळून वापरत. ती भरली आणि जागा कोणी अडवली हे पाहायची सोय हवी झाली, त्यातून ही कल्पना निघाली. म्हणजे तिचा जन्मच भरलेल्या डिस्कवरचा.

चौकोनावर क्लिक केलं की वरच्या यादीत तीच फाइल उजळते. नकाशातून यादीत आणि यादीतून नकाशात असं हे येणंजाणं फार सहज आहे. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर पहिल्यांदा नजरेत भरतो तो ‘हायबरफिल’ नावाचा चौकोन. मशीन हायबरनेट करताना रॅममधला मजकूर ठेवायला विंडोजने राखून ठेवलेली ही जागा असते. जो डेस्कटॉप रोज संध्याकाळी बंदच करायचा, त्यावर तिची गरज फारशी नाही. ‘पॉवरसीएफजी’च्या एका आदेशाने ती मोकळी होते. बदल्यात मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. मग दिसतं ‘विंडोज डॉट ओल्ड’, म्हणजे कधीकाळी केलेल्या अपग्रेडचं उरलेलं सामान. आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ निघतो, दोनदा कॉपी केलेला. यातलं काय काढायचं हे विनडिरस्टॅट सुचवत नाही. एक उणीव मात्र आहे. जुनी आवृत्ती ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरमधल्या त्याच फाइली दोनदा मोजते, म्हणून ते फोल्डर आहे त्यापेक्षा फुगलेलं दिसतं. ते पाहून त्याला हात लावू नये. विंडोजचे स्वतःचे सुटे भाग तिथे असतात.

दुसरं एव्हरीथिंग, डेव्हिड कारपेंटर यांचं. पांढरी खिडकी, वर एक रकाना, खाली यादी. बाकी काही नाही. हा साधेपणा आळसातून आलेला नाही. विंडोजचा नेहमीचा शोध बऱ्याचदा एकेक फोल्डर उघडत हिंडतो. एव्हरीथिंग हिंडतच नाही. एनटीएफएस डिस्कवर सगळ्या फाइलींच्या नोंदींचा एक मुख्य तक्ता असतो, तो ते थेट वाचून घेतं आणि पुढे होणारे बदल डिस्कच्या नोंदवहीतून टिपत राहतं. दहा लाख फाइलींची यादी करायलाही साधारण मिनिटभर पुरतं. मग अक्षर टाइप करावं तशी यादी आखडत जाते. सेवा केंद्राच्या डाउनलोड फोल्डरात सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले यांच्या हजारो पीडीएफ साचलेल्या असतात, आणि एकच उतारा पुन्हा उतरवला की ब्राउझर नावापुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे लावत जातो. एव्हरीथिंगमध्ये नुसतं ‘(1)’ टाइप करा, डिस्कभरच्या दुबार फाइली रांगेत उभ्या राहतात. आकारानुसार क्रम लावा, जड त्या वर येतात. नाव देवनागरीत असेल तर देवनागरीतच शोधा, तेही सापडतं. फाइलच्या आत काय लिहिलंय ते मात्र या रकान्यातून सहज शोधता येत नाही. ते त्याचं कामही नाही.

तिसरं ऑटोरन्स. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी १९९६ पासून सिसइंटर्नल्स या नावाने अशी अवजारं लिहायला घेतली. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली आणि अवजारं फुकटच ठेवली. मशीन सुरू होताना कोण कोण आपणहून उठून बसतं, याची इतकी पूर्ण यादी मला दुसरीकडे मिळाली नाही. पहिल्या भेटीत ती अंगावर येते. म्हणून आधी मेनूतून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवाव्यात. मग बाहेरून आलेले पाहुणे तेवढे उरतात. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही, सॉफ्टवेअर काढलं आणि दोरी तशीच राहिली. गुलाबी म्हणजे प्रकाशकाचा पत्ता नाही किंवा सही पटली नाही.

इथे एक बारीकसा सभ्यपणा आहे, जो मला सगळ्यात आवडतो. ओळीपुढची खूण काढली की ऑटोरन्स नोंद पुसत नाही, तिला बाजूला नेऊन ठेवतं. पुन्हा खूण केली की ती जागेवर परत येते. चुकायची मुभा असली की माणूस धीट होतो. आणि ही मुभा लागतेच, कारण कुठली नोंद फालतू हे त्या मशीनवर बसणाऱ्यालाच ठाऊक असतं. दहा वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरचा अपडेटर खुशाल बंद करावा. आरडी सर्व्हिसची खूण काढली तर मात्र दुसऱ्या दिवशी अंगठा लागणार नाही. या दोन ओळी यादीत सारख्याच दिसतात. फरक कळायला त्या सेवा केंद्राच्या टेबलावर रोज काय चालतं ते माहीत हवं.

‘एक क्लिक करा, पीसी सुसाट पळवा’ म्हणणाऱ्या अवजारांचा पाय नेमका इथे घसरतो. त्यांना टेबल माहीत नसतं, पण निर्णय मात्र तीच घेतात. सीक्लीनर नवं आलं तेव्हा त्याचं नाव आणि काम दोन्ही सरळ होतं: कचरा काढा. पुढे अशा अवजारांची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही, झाडण्याची टूम निघाली. तिने वेग वाढल्याचं अनुभवाला येत नाही, आणि असे रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आपला पाठिंबा नाही असं मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलेलं आहे. जुलै २०१७ मध्ये अव्हास्टने सीक्लीनरची कंपनी घेतली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात उघड झालं की त्याच्या अधिकृत, सही केलेल्या ५.३३ आवृत्तीत कुणीतरी घातक कोड घुसवला होता. ती आवृत्ती सुमारे २२.७ लाख मशीनवर पोचली होती. तात्पर्य सीक्लीनर वाईट असं नाही. ज्याच्या हाती डोळे मिटून झाडू द्यायचा, त्याच्यावर विश्वासही तेवढाच टाकावा लागतो, इतकंच.

चौथं क्रिस्टलडिस्कइन्फो, जपानच्या नोरियुकी मियाझाकी यांचं. याच्या एका आवृत्तीत शिझुकू नावाची कार्टून मुलगी खिडकीत उभी असते. डिस्कच्या तब्येतीचा इतका रुक्ष विषय आणि त्याला हा थाट! साधी आवृत्तीही देखणी आहे. वर डावीकडे एक मोठा रंगीत ठोकळा: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. शेजारी तापमान, डिस्क एकूण किती तास चालली, किती वेळा सुरू झाली. सेकंडहँड घेतलेल्या मशीनचं वय विक्रेत्याला विचारण्यापेक्षा इथे वाचावं. खाली तपशिलाच्या ओळी. त्यांतल्या ०५, सी५ आणि सी६ या तीन पाहायच्या: खराब म्हणून बदललेले सेक्टर, संशयित सेक्टर आणि वाचताच न आलेले सेक्टर. तिन्ही शून्य हवेत. दोष असा की हे आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत दिसतात. ‘ए’ म्हणजे दहा हे नव्या माणसाला कसं कळावं? सेटिंगमध्ये जाऊन ते दशमान करून घ्यावे लागतात.

हे आकडे किती बोलके आहेत याचा अंदाज गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये दिला. एक लाखाहून जास्त डिस्क पाहून त्यांनी सांगितलं की पहिला सेक्टर बदलला गेल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता १४ पटींहून जास्त होते. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे पिवळ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, निळ्यावर मात्र ठेवू नये.

ही अवजारं फुकट कशी परवडतात, असं विचारलं जातं. पुण्यात १९९० मध्ये कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान टाकणारे कैलाश काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांचं क्विक हील अँटिव्हायरस इथे आठवतं. तेही दुरुस्तीच्या टेबलावरच जन्मलं, पण विकलं गेलं. ते योग्यच होतं; रोज नवा व्हायरस येतो आणि त्याच्यामागे रोज पगारी माणसं बसवावी लागतात. डिस्कचा तक्ता वाचायची रीत मात्र रोज बदलत नाही. एकदा नीट लिहिलेलं अवजार थोड्या डागडुजीवर वर्षानुवर्षं टिकतं. विनडिरस्टॅटची जुनी आवृत्ती अशीच कितीतरी वर्षं चालली. दुसरी मालिका २०२४ मध्ये आली. उतरवताना मात्र लेखकाच्याच साइटवरून उतरवावं. भलत्या पानांवरची मोठी हिरवी डाउनलोड बटणं बहुधा दुसरंच काही गळ्यात मारतात.

या चौघांची मर्यादाही सांगायला हवी. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबली, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुनी मशीन सहसा विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यातलं कुठलंच अवजार ती उणीव भरून काढत नाही. अशा मशीनवर टायपिंग-प्रिंटिंग करावं, बँक आणि डिजिटल सही दुसरीकडे ठेवावी. वेगासाठी पैसे खर्चायचेच असतील तर ते एसएसडीवर खर्चावेत. आणि चारांपैकी एकच ठेवायचं म्हटलं तर क्रिस्टलडिस्कइन्फो ठेवावं. बाकी तिघांचं उशिरा ऐकलं तर फार तर मशीन रखडतं. याचं उशिरा ऐकलं तर फाइली जातात.