विश्वाची सुरुवात आणि मराठी वाचक

मराठी वाचकाला विश्वाची ओळख कोणी करून दिली, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येईल : जयंत विष्णु नारळीकर. मोहन आपट्यांनी खगोलशास्त्रावर विपुल लिहिले, पुण्याच्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाची सुरुवात तर १९२८ची. तरीही ‘आकाशाशी जडले नाते’ कपाटात असणे ही एका पिढीची खूण होती. शीर्षक वाचताच गदिमांच्या गीतरामायणातले सीतास्वयंवर आठवावे, इतके ते पुस्तक आपल्यातले. पण या ओळखीत एक विलक्षण गोष्ट आहे आणि आपल्या समीक्षेने तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. ज्यांनी आपल्याला विश्व समजावले, त्यांना ‘विश्वाला सुरुवात होती’ हेच मान्य नव्हते.

इंग्रजीतली गाजलेली पुस्तके याच्या उलट आहेत. स्टीव्हन वाइनबर्ग यांचे विश्वाच्या पहिल्या तीन मिनिटांवरचे पुस्तक १९७७चे, स्टीफन हॉकिंग यांचा काळाचा संक्षिप्त इतिहास १९८८चा. दोन्ही पुस्तके महास्फोट गृहीत धरून पुढे जातात. त्यांना कथेचा आकार आहे : आधी हे झाले, मग ते झाले. नारळीकरांच्या लेखनाला आकार आहे तो वादाचा. पुरावा कोणता, तो कोणी मोजला, त्याचा दुसरा अर्थ लागतो का, असे ते विचारत राहतात. महास्फोटाबद्दलची आपली शंका त्यांनी सामान्य वाचकापासून कधी लपवली नाही.

ही शंका केंब्रिजमधली. फ्रेड हॉइल यांचे स्थिर स्थितीचे विश्व प्रसरण पावते, पण त्यात सतत नवे द्रव्य निर्माण होत असल्याने ते कायम सारखेच दिसते; त्याला आदी नाही, अंत नाही. जून १९६४मध्ये हॉइल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत आपला आणि पंचविशीतल्या नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. व्याख्यान संपताच एक संशोधक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, प्रसरण पावणाऱ्या विश्वात तुमची एक राशी अनंत होते. तो हॉकिंग. नारळीकरांची खोली त्याच्या शेजारीच होती आणि ती गणिते त्याने आधीच पाहिली होती. पुढे जगाला विश्व समजावणारा एक लेखक आणि मराठीला विश्व समजावणारा दुसरा, दोघांचे रस्ते असे एका भिंतीशी वेगळे झाले.

‘महास्फोट’ या शब्दाकडेही पाहायला हवे. मूळ इंग्रजी नाव खुद्द हॉइल यांनीच १९४९मध्ये बीबीसीच्या रेडिओ भाषणात वापरले. ज्याने सिद्धांत नाकारला, त्यानेच त्याचे बारसे केले. मराठीत ‘स्फोट’ म्हटले की लक्ष्मी बॉम्बच आठवतो : एक जागा, एक क्षण, चहूकडे उडालेल्या ठिकऱ्या. मग व्याख्यानानंतर हमखास प्रश्न येतो, ‘स्फोट नेमका कुठे झाला?’ उत्तर असे, की तो एका जागी झालाच नाही. जागाच ताणली जात आहे. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकतो, त्याला आपण ‘ताम्रसृती’ म्हणतो. हा शब्द नेमका आहे, कारण तो जे मोजले तेवढेच सांगतो. ‘महास्फोट’ मात्र न मोजलेले चित्र डोळ्यांपुढे उभे करतो.

असा शंकेखोर लेखक मिळाल्याने मराठी वाचकाचा मोठा फायदा झाला, असे मी मानतो. मुले स्वाक्षरी मागायला आली की नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली मग त्यांची स्वाक्षरी येई. त्यांची पुस्तकेही तशीच आहेत. ती वाचकाला आधी प्रश्न विचारायला लावतात.

पण नुकसानही झाले आणि ते आपल्या गावातच दिसते. केंब्रिजचा तो वाद आपल्याला तोंडपाठ असतो. घरचा वाद मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. १९७५मध्ये गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी उटीच्या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दूरच्या रेडिओस्रोतांचे कोनीय आकार अभ्यासले. निष्कर्ष असा निघाला, की पूर्वीच्या काळातले स्रोत आजच्यासारखे नव्हते. म्हणजे विश्व बदलत आले आहे आणि स्थिर स्थितीला धक्का बसतो. त्या वेळी नारळीकर आणि स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहकारी होते. पुढे दोघांनी पुण्यात विद्यापीठाच्या आवारात शेजारी-शेजारी संस्था उभ्या केल्या : आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. एक बाजू मराठीत रसाळपणे लिहिली गेली. दुसऱ्या बाजूला तसा लेखक मिळाला नाही. त्यामुळे फक्त मराठी वाचणाऱ्याला वाटत राहिले, की तराजूची पारडी अजून समान आहेत.

ती समान नाहीत. हे ठरवायची कसोटी नारळीकरांनीच आपल्याला शिकवली. २००८मध्ये पुण्यात त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांसोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या : निम्मी मुले हुशार, निम्मी बौद्धिक अपंगत्व असलेली. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या. २७ जणांनी उत्तरे पाठवली. ती सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी ५०च्या आसपास आली असती. चाचणीचे तत्त्व एकच : आधी सांगा, मग तपासू.

हीच कसोटी विश्वाला लावू. विश्वाचा आरंभ तप्त असेल तर त्याची ऊब आजही उरली असावी आणि ती निरपेक्ष शून्याच्या पाचेक अंश वर असावी, असे आल्फर आणि हर्मन यांनी १९४८मध्ये सांगितले. १९६५मध्ये पेंझियस आणि विल्सन यांना ती सापडली. आजचा आकडा २.७ अंश. स्थिर स्थितीने हे आधी सांगितले नव्हते. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३मध्ये सुधारित सिद्धांत मांडला. त्यातले विश्व सुमारे ५ हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांत आकुंचन-प्रसरण पावते. अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुयांमुळे ताऱ्यांचा प्रकाश शोषला जाऊन तीच ऊब तयार होते, असे त्यांचे म्हणणे. स्पष्टीकरण कल्पक आहे, पण शोधानंतरचे आहे. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे, हा आजचा सर्वमान्य आकडा महास्फोटाच्या बाजूने जमलेल्या पुराव्यांतून आला आहे.

इथे आपल्या वाचकाला एक मोहही आहे. आवर्तनांचे विश्व ऐकले की कल्प, ब्रह्मदेवाचा दिवस, ‘आपल्या ऋषींना ठाऊक होतेच’ ही साखळी लगेच जुळते. जन्मभर छद्मविज्ञानाशी लढलेल्या माणसाच्या सिद्धांताला असा आधार देणे म्हणजे त्याचाच पराभव.

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले. त्यांच्यानंतर विश्वशास्त्रावर मराठीत जो कोणी लिहील, त्याने त्यांची शंका जपावी. पण पुराव्याचे पारडे कुठे झुकले आहे, तेही पहिल्याच प्रकरणात स्पष्ट सांगावे. त्यात स्वरूप यांनाही जागा असावी. आणि वाचणाऱ्या मुलाने त्या लेखकाला पोस्टकार्डावर विचारावे : हे तुम्ही आधी सांगितले होते की नंतर?