नवस कोणी फेडायचा? : 'डिव्होशन'विषयी

तैवानमधील 'रेड कँडल गेम्स' या छोट्या संस्थेने फेब्रुवारी २०१९ मध्ये संगणकावर खेळावयाची एक भयकथा प्रसिद्ध केली. तिचे इंग्रजी नाव 'डिव्होशन', म्हणजे भक्ती. मूळ चिनी नाव 'हुआन युआन'. त्याचा अर्थ नवस फेडणे. आमच्या मते कृतीचे मर्म या मूळ नावातच आहे. भक्ताने मागितले एक आणि फेड मात्र दुसऱ्याच्या जिवाने झाली, असा हा नवस आहे.

कथा १९८०च्या दशकातील एका सदनिकेत घडते. दू फेंग-यू हा उतरती कळा लागलेला पटकथालेखक. पत्नी ली-फांग विवाहासाठी रंगमंच सोडलेली गायिका. त्यांची लहानगी मेई-शिन दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत उतरते आणि हळूहळू तिचा श्वास अडखळू लागतो. डॉक्टर मानसोपचार सुचवतात. आपली मुलगी वेडी नाही, या अभिमानापोटी बाप ते नाकारतो आणि एका गुरुमातेच्या पायी जातो.

ही कथा आपणांस कोणी सांगत नाही. ती घरभर फिरून शोधावी लागते. बहुतेक सारे फेंग-यूच्या डोळ्यांनी दिसते आणि हाती शस्त्र नसते. १९८०, १९८५ व १९८६ या सालांतील त्याच घरात पुन्हा पुन्हा शिरावे लागते. एका सालातील वस्तू दुसऱ्या सालात नेली की कोडे उलगडते. पत्रे, औषधे, बापलेकीने घडी घालून केलेली कागदी ट्यूलिपची फुले, हेच येथील पुरावे. पुढे विधीतील अंगावर काटा आणणारी कृत्येही खेळणाऱ्यालाच पार पाडावी लागतात. कादंबरीचा वाचक अशा बापाचा निषेध करून मोकळा होतो. येथे ती सोय राहत नाही. सात दिवसांच्या त्या उपचाराचे स्वरूप कळते, तेव्हा मुलीवरील बापाचे प्रेम खरे होते, हीच गोष्ट सर्वांत असह्य वाटते.

दोष नाहीत असे नाही. भुताने पाठलाग करण्याचा प्रसंग रूढ भयपटांच्या वळणाचा असून तो एकाग्रता मोडतो. ली-फांगची बाजू पुरेशी उमटत नाही. तिचे गाणे सुटल्याचे दुःख स्वतंत्र दालनाच्या योग्यतेचे होते.

कृतीच्या वाट्याला वेगळेच दुर्दैव आले. भिंतीवरील एका मंत्रपत्रावर चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांची थट्टा आढळली. चिनी खेळाडूंत संताप उसळला. संस्थेने क्षमा मागितली आणि प्रकाशनानंतर काही दिवसांतच हा खेळ 'स्टीम' या विक्रीमंचावरून काढून घेतला. २०२० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या येनचिंग ग्रंथालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. मार्च २०२१ मध्ये संस्थेने स्वतःच्या संकेतस्थळावर तो पुन्हा विक्रीस ठेवला. एका कागदावरून उठलेल्या या वादळात मेई-शिनची कथा मात्र चर्चेबाहेर राहिली, याचा आम्हांस खेद वाटतो.

नवस, अंगारे आणि मुलांच्या गायनस्पर्धा आपल्या घरांनाही परक्या नाहीत. म्हणून तैवानातील ही सदनिका आम्हांस दूरची वाटली नाही. संगणकावरील खेळ म्हणजे पोरांचा वेळकाढूपणा, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनी नातवंडांशेजारी बसून हा एक अवश्य पाहावा; मात्र नातवंडे जाणती असावीत.