अँटिव्हायरस टाकला की झाले?

घरात आठ-दहा वर्षांचा जुना संगणक आहे, वापरणारी व्यक्ती नवशिकी आहे आणि संगणक सुरक्षित कसा ठेवावा हे तिला कळत नाही. अशा वेळी दुकानदार, शेजारी आणि वृत्तपत्रांतील सदरे बहुधा एकच उत्तर देतात : चांगला अँटिव्हायरस टाका, पासवर्ड अवघड ठेवा, अनोळखी ई-मेल उघडू नका. यांतील एकही सूचना चुकीची नाही. तरीही हे उत्तर अपुरे आहे आणि त्यामुळे खोटी निश्चिंती येते, असे आमचे मत आहे.

का, ते पाहू. विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कोट्यवधी ओळींची आज्ञावली. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहतातच. काही चुका अशा असतात, की त्यांतून परका माणूस संगणकात शिरू शकतो. चूक सापडली की कंपनी दुरुस्ती पाठवते. भिंतीतले भगदाड बुजवावे, तसे हे काम आहे. अँटिव्हायरस हा दारावरचा पहारेकरी. त्याची मुख्य भिस्त चोरांच्या खाणाखुणांच्या यादीवर. तो पुष्कळांना अडवतो, पण भगदाड बुजवणे हे त्याचे काम नव्हे.

२०१७ सालचे उदाहरण बोलके आहे. विंडोजमधील अशा एका भगदाडावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी दुरुस्ती दिली. त्यातून शिरण्याचे तयार हत्यार १४ एप्रिलला इंटरनेटवर उघड झाले आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला. कोणी ई-मेल उघडण्याची त्याला गरज नव्हती. एकाच जाळ्यातील एका संगणकातून तो दुसऱ्यात आपोआप जाई, फायली कुलूपबंद करी आणि खंडणी मागे. दीडशेच्या आसपास देशांना त्याचा फटका बसला. ब्रिटनमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. बाधित संगणकांत सर्वाधिक विंडोज ७ चे होते. म्हणजे दुरुस्ती दोन महिने उपलब्ध होती. ती घेतली गेली नव्हती.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली, की जुनी आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून भगदाड नेमके कोठे होते हे जाणकार चोराला शोधता येते. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा भाग समान आहे. त्यामुळे ११ साठी निघालेली दुरुस्ती कित्येकदा १० मधल्या भगदाडाचा पत्ताही सांगून जाते. संगणक जागचा न बदलताही अधिक असुरक्षित होतो, तो असा.

विंडोज १० च्या नियमित मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. मात्र त्यातील डिफेंडर या अँटिव्हायरसची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत ताजी ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे पहारेकऱ्याची हिरवी खूण पडद्यावर दिसत राहील आणि भिंत मात्र उघडी असेल. नवशिक्याने यातून काय समजावे?

कंपनीची बाजूही आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि गुप्त किल्ल्या वेगळ्या चिपमध्ये ठेवणे शास्त्रदृष्ट्या योग्यच आहे. पण या आणि प्रोसेसरविषयीच्या अटींमुळे साधारण २०१८ पूर्वीचे बहुतेक धडधाकट संगणक बाद ठरतात. घरगुती ग्राहकांना २०२५ मध्ये आणखी एका वर्षाच्या दुरुस्त्या देऊ केल्या गेल्या, पण त्यासाठी नावनोंदणी आणि कंपनीचे खाते हवे. ज्याला नोंदणी करता येते, तो नवशिका कसला? सुरक्षिततेचे ओझे सर्वांत कमी जाणणाऱ्यावर टाकणे आम्हाला न्याय्य वाटत नाही.

मग करावे काय? आमच्या मते क्रम असा असावा. प्रथम फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिल्यास खंडणीखोर तिच्यापर्यंतही पोचतो. नंतर विंडोजची आवृत्ती कोणती आणि तिला दुरुस्त्या येतात का, हे पाहावे. येत असतील तर त्या आपोआप बसू द्याव्यात. ब्राउझर अद्ययावत ठेवावा. रोजच्या कामासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते वापरावे. दुरुस्त्या संपल्या असतील, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येते. तेही जमत नसेल तर तो संगणक इंटरनेटपासून तोडून टंकलेखनासाठी खुशाल वापरावा. बँकेचे व्यवहार त्यावर मुळीच करू नयेत.

शाळेच्या प्रयोगशाळेत तर दहा-वीस संगणक एकाच जाळ्यात असतात. विद्यार्थ्यांना प्रत्येक संगणकावर शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला बसली याचा तक्ता करायला सांगावे. अँटिव्हायरसची हिरवी खूण आणि ही तारीख यांचा मेळ बसतो का, हे त्यांनाच तपासू द्यावे.