साथीला कोण होतं?

मंडळी, आपल्याकडे मैफलीत एक रीत आहे. गायक कितीही मोठा असो, मध्यंतराआधी माइक हातात घेऊन निवेदक सांगतोच : तबल्यावर अमुक, संवादिनीवर तमुक. राहिलंच सांगायचं, तर मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडून आठवण करून देतं. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रातही ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या पोराचं नाव घेतलं जातं, टाळ्या पडतात. ही रीत मनात ठेवूनच आज आम्ही रॉक संगीताच्या रेकॉर्डकडे पाहणार आहोत. तिथे आपली माणसं पाहुणी म्हणून गेली. प्रश्न इतकाच, की त्यांचं तिथे नेमकं काय झालं?

सुरुवात 11 एप्रिल 1966 पासून करू. लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, आयाना अंगडी ती चालवत. त्यांनी एका तरुण तबलजीला फोन केला, संध्याकाळी मोकळा आहेस का म्हणून. या तबलजीचं नाव अनिल भागवत. काम जॉर्ज हॅरिसनबरोबर आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. न्यायला रोल्स-रॉइस आली आणि स्टुडिओबाहेर थर्मास, सँडविच घेऊन ताटकळणाऱ्या मुली दिसल्या, तेव्हा कुठे प्रकरण काय आहे ते लक्षात आलं. त्या दिवशी ध्वनिमुद्रित झालेलं गाणं म्हणजे बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या रेकॉर्डमधलं 'लव्ह यू टू'.

हे गाणं नीट ऐका. आधी सतारीचा छोटासा आलाप, लयीशिवाय. मग तबला येतो आणि गाणं जमिनीवर उभं राहतं. हॅरिसनने सोळा मात्रांचं काहीतरी वाजव असं सुचवलं होतं, बाकी भागवतांवर सोडलं होतं. त्यामुळे तो तबला चिकटवलेला वाटत नाही, गाणं त्याच्या अंगाने चालतं. शेवटी लय चढते, आपण सरसावून बसतो, आता मजा येणार, आणि तेवढ्यात आवाज हळूहळू कमी करत गाणं संपवून टाकतात! ताट वाढून पुढ्यातून उचलावं तसं. तीन मिनिटांच्या चौकटीचा हा दोष आहे, वादकाचा नाही. पण दोष आहेच.

तरी एक गोष्ट चांगली झाली. 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरवर अनिल भागवत हे नाव छापलं गेलं. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही तेव्हा फार दुर्मीळ गोष्ट. भागवतांना त्याचा पुढे कायम अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

आता पुढचं वर्ष, 1967. 'सार्जंट पेपर' ही रॉकच्या इतिहासातली बहुधा सर्वांत जास्त चर्चा झालेली रेकॉर्ड. तिच्यात हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू' आहे. आमच्या मते 'लव्ह यू टू'पेक्षा हे पुष्कळ पुढचं काम. दिलरुबा गळ्याच्या मागोमाग चालतो, अगदी सारंगीच्या साथीसारखा. मधल्या भागात दहा मात्रांचा ताल येतो, म्हणजे आपला झपतालाचा हिशेब. नंतर जॉर्ज मार्टिनने या दिलरुब्याच्या मींडीच्या मागे व्हायोलिन आणि चेलो चालवले. सुरावरून सुरावर घसरत जाणं पाश्चात्त्य वादकाला सरावाचं नसतं, ते त्यांच्याकडून करून घेतलं. इथे यजमानाने पाहुण्यासाठी स्वतःची चाल बदलली, आणि ऐकताना ते कळतं.

पण कव्हर उलटंपालटं करून पाहा. त्यावर मार्लन ब्रँडो आहे, कार्ल मार्क्स आहे, मेणाचे पुतळे आहेत. दिलरुबा कोणी वाजवला, ते नाही. ही नावं जगापुढे नीट यायला 2017 साल उजाडलं. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधनातून ती पुढे आली : दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. जोशी, गज्जर, कंसारा, सोनी. घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या जिन्याखालची नावांची पाटी वाचावी तसं वाटतं की नाही? आणि पन्नास वर्षं जगभरच्या समीक्षकांनी या गाण्यावर पानंच्या पानं लिहिली, ती 'भारतीय वादक' एवढ्याच शब्दांवर भागवून. याला आम्ही आळस म्हणू.

मग जानेवारी 1968. हॅरिसन स्वतः मुंबईत आला, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायला. इथे मोनो यंत्र होतं, म्हणून भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र रेल्वेने आणलं. स्टुडिओत रस्त्याचा आवाज यायचा. कान देऊन ऐकलंत तर त्या रेकॉर्डमध्ये टॅक्सी ऐकू येतात, असं हॅरिसननेच सांगून ठेवलंय. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचा वाद्यभाग झाला. सरोदवर आशिष खाँ, पखवाजावर महापुरुष मिश्र, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि एस. आर. केंकरे. मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या दुसऱ्या बाजूला निघालं. बीटल्सच्या नावावरचं गाणं, आणि त्यात एकाही बीटलने एकही वाद्य वाजवलेलं नाही! लंडनमध्ये फक्त गळे जोडले गेले. मग पाहुणा कोण आणि यजमान कोण? गाण्याच्या ओळींमधल्या जागा ज्या सफाईने भरल्यात, ती सफाई मुंबईच्या चित्रपटगीतांतून आलेली आहे असं आम्हांला वाटतं. अंतऱ्याआधीचे काही सेकंद कसे सजवायचे, हे इथल्या वादकांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

आशा भोसले यांची गोष्ट वेगळी. तिथे नावाचा प्रश्नच नव्हता, नावासाठीच तर बोलावणं. 1991 मध्ये बॉय जॉर्जच्या 'बाव डाउन मिस्टर'मध्ये त्या गायल्या. 2002 मध्ये 'वन जायंट लीप'च्या 'द वे यू ड्रीम'मध्ये त्यांचा आवाज आर.ई.एम.च्या मायकेल स्टाइपच्या आवाजाशेजारी आला. तो प्रकल्पच असा की दोघे निर्माते लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरले, जागोजागी आवाज टिपले आणि नंतर एकावर एक बसवले. गाणं सुंदर आहे, खोटं कशाला बोला. पण स्टाइप आणि आशाताई एकमेकांना उत्तर देत नाहीत, शेजारी शेजारी गातात. 2005 मध्ये क्रोनोस क्वार्टेटबरोबर त्यांनी राहुलदेव बर्मन यांची गाणी पुन्हा गायली, तिथे मात्र उत्तर-प्रत्युत्तर आहे, कारण चौकडीच त्यांच्या घरी पाहुणी आली होती. (ब्रिटनमध्ये आशा हे नाव ज्या गाण्याने घरोघरी गेलं, त्या कॉर्नरशॉपच्या 'ब्रिमफुल ऑफ आशा'मध्ये त्या गातच नाहीत, ही आणखी एक गंमत.)

शेवटचं उदाहरण आमच्या सर्वांत आवडीचं, आणि सर्वांत कमी ऐकलं गेलेलं. मूळच्या बेळगावच्या शोभा गुर्टू, ठुमरीच्या थोर गायिका. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू मुंबईत वाढले, तबल्यावरून ड्रम्सकडे गेले आणि युरोपात नावारूपाला आले. 1988 च्या 'उस्फ्रेट' या रेकॉर्डमध्ये त्यांनी आईलाच बोलावलं. शेजारी डॉन चेरीचा ट्रम्पेट, राल्फ टाउनर. पहिल्या तुकड्याचं नावच 'शोभारॉक'. मुलाने आईसाठी लय सोपी केलेली नाही, आणि आईनेही मुलाच्या ड्रम्ससाठी आवाजातला ठुमरीचा पीळ सोडलेला नाही. दोघेही हट्टी. तो हट्टच ऐकण्यासारखा आहे.

आता आम्ही बोलणं थांबवतो आणि तोच तुकडा लावतो. मागच्या रांगेतल्यांनी ऐकू येत नसेल तर हात वर करा.